न दिसलेल्यांची मोजदाद



वैशाखी पौर्णिमेच्या रात्री मेळघाटातल्या पाणवठ्यांवर माणसे जागी असतात. सेमाडोह, कोलकास, हरिसालच्या बाजूला आणि इकडे अकोल्याच्या अंगाला नरनाळा, वान या अभयारण्यांतही मचाणे बांधली जातात आणि एका दिवस-रात्रीत पाण्यावर जे जनावर येईल त्याची नोंद होते. या पद्धतीमागचा हिशेब सरळ आहे. उन्हाने नाले आटलेले असतात, उरलेल्या पाण्यावर जनावराला यावेच लागते, आणि पौर्णिमेच्या उजेडात ते दिसते. वनखाते अलीकडे या उपक्रमाला 'निसर्गानुभव' म्हणते आणि ही शास्त्रीय गणना नाही, असे स्पष्ट सांगते. तरीही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अस्वले इतकी, गवे इतके, सांबर इतके, बिबटे इतके, वाघ इतके असे आकडे छापून येतात आणि लगेच गेल्या वर्षीच्या आकड्यांशेजारी ठेवले जातात. अमुक वाढले, तमुक घटले, असा मथळा तयार होतो. आजच्या व्याख्यानाचा विषय हा मथळा आहे. रानातल्या किंवा समुद्रातल्या सजीवांची संख्या आपण सांगतो तेव्हा नेमके काय सांगत असतो, आणि त्या संख्येवर निर्णय कसे उभे करावेत, हा प्रश्न मला मेळघाटापासून थेट दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रापर्यंत न्यायचा आहे आणि पुन्हा अकोल्याच्या काळ्या जमिनीत आणायचा आहे.

पाणवठ्यावरचा आकडा कशाचा असतो ते आधी नीट पाहू. तो मेळघाटातल्या अस्वलांचा आकडा नसतो. त्या रात्री, त्या पाण्यावर आलेल्या आणि त्या मचाणावरच्या माणसाला दिसलेल्या अस्वलांचा तो आकडा असतो. या दोन गोष्टींमध्ये किती अंतर आहे, हे पावसाने दरवर्षी ठरवावे अशी ही व्यवस्था आहे. पौर्णिमेच्या चार दिवस आधी अवकाळी सरी येऊन गेल्या, खडकांच्या खळग्यांत पाणी साचले, की जनावरे पांगतात आणि मचाणावरचा आकडा घसरतो. रानात एकही जनावर कमी झालेले नसते. उलट कडक दुष्काळाच्या साली सिपना, खापरा, गडगा या नद्यांचे बरेचसे डोह कोरडे पडतात, उरलेल्या थोड्या पाण्यावर सगळ्यांची गर्दी होते आणि आकडा फुगतो. म्हणजे जनावरे सर्वांत जास्त हालात असतील त्या वर्षी ती भरभराटीला आल्यासारखी कागदावर दिसू शकतात. शिवाय सगळी जनावरे पाण्याला सारखी बांधलेली नाहीत. गवा पाण्यापासून फार दिवस दूर राहत नाही, रोही बराच काळ पाण्यावाचून काढू शकतो. एकच अस्वल दोन पाणवठ्यांवर गेले तर दोनदा मोजले जाते. मचाणावरच्या माणसाच्या प्रामाणिकपणाचा इथे प्रश्नच नाही. त्याने डोळ्यांत तेल घालून पाहिले तरी हे दोष जसेच्या तसे राहतात.

असे दोष दोन जातींचे असतात आणि त्यांची गल्लत केली की सगळा विचार बिघडतो. एक म्हणजे आकड्याचा पसारा. थोडी ठिकाणे पाहिली, थोडे दिवस पाहिले, म्हणून उत्तर कधी वर, कधी खाली जाते. ठिकाणे आणि दिवस वाढवले की हा पसारा आवळतो. दुसरा दोष म्हणजे एकाच दिशेचा कल. मापच चुकीचे असेल तर हजार वेळा मोजले तरी उत्तर त्याच बाजूला झुकलेले राहते, आणि त्यात भर अशी की पुनःपुन्हा तेच उत्तर आल्यामुळे आपला त्यावरचा विश्वास वाढतो. हा फरक या देशाला शिकवणाऱ्यांत एक मराठी माणूस अग्रभागी होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक कापणीच्या नमुना-सर्वेक्षणाची शास्त्रीय घडी बसवली. त्यांनी दाखवून दिले की कापणीसाठी घेतलेला तुकडा फार लहान असेल तर उत्पन्नाचा अंदाज हमखास फुगतो, कारण कडेवरची झाडे आत धरण्याकडे मोजणाऱ्याचा हात वळतो आणि लहान तुकड्यात कडेचा वाटा मोठा असतो. तुकडे कितीही वाढवले तरी ही फुगवट जात नाही. सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे यांचे शेती-संशोधकांसाठीचे संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ साली आले आणि कृषी महाविद्यालयांतल्या पिढ्या त्यावर शिकल्या. वऱ्हाडात पैसेवारी आणि पीकविम्याचे उंबरठा उत्पन्न हे शब्द गावोगाव माहीत आहेत. काही वावरांतल्या कापणीवरून आख्ख्या गावाचे किंवा महसूल मंडळाचे नशीब ठरते, आणि ५० पैशांच्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे सवलती मिळतात किंवा अडतात. त्या आकड्याला पसारा किती आणि कल कोणत्या बाजूचा, हे जाहीर करणाऱ्या कागदावर लिहिलेले नसते. तेव्हा आज मी जे मांडणार आहे ते या सभागृहात कोणाला परके वाटू नये.

वाघांच्या मोजणीत आपल्या देशाने कलाची किंमत मोजली आहे. ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६० च्या दशकात पाऊलखुणांवरून वाघ ओळखण्याची पद्धत बसवली. काचेवर ठसा उतरवायचा, प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि प्रत्येक ठसा कोणत्या वाघाचा ते अनुभवी नजरेने ठरवायचे. १९७२ च्या पहिल्या देशव्यापी गणनेत १,८२७ वाघ निघाले. १९७४ साली मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत आला तेव्हा हीच रीत होती. २००१-०२ पर्यंत आकडा ३,६४२ वर पोचला. या पद्धतीत एक गृहीत लपलेले होते. रानातल्या प्रत्येक वाघाचा ठसा सापडतोच आणि प्रत्येक ठसा वेगळा ओळखता येतोच, असे ते गृहीत. न दिसलेल्या वाघासाठी त्यात रकानाच नव्हता. उल्लास कारंथ यांच्यासारखे जीवशास्त्रज्ञ १९८० च्या दशकापासून हे सांगत होते. २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्का प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले, आणि तिथे आदल्या वर्षांच्या कागदांवर मात्र वाघ होते. त्यानंतर सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखालच्या व्याघ्र कृती दलाने गणनेची पद्धतच बदलण्याची शिफारस केली.

सरिस्काच्या शेजारी आणखी एक उदाहरण ठेवायला हवे आणि ते आपल्या जवळचे आहे. रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी १८८४ नंतर खात्रीलायकरीत्या कोणाला मिळाला नव्हता. तो नामशेष झाला असावा, असे धरले जात होते. १९९७ च्या नोव्हेंबरात पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ दिसला, आणि पुढे मेळघाट हे त्याचे एक महत्त्वाचे घर असल्याचे स्पष्ट झाले. तो तिथे होताच. तो कुठे आणि दिवसाच्या कोणत्या वेळी शोधायचा हे कोणाला ठाऊक नव्हते. एकीकडे कागदावर असलेला आणि रानात नसलेला वाघ, दुसरीकडे रानात असलेला आणि कागदावर नसलेला पिंगळा. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे: दिसणे आणि असणे यांच्यातले नाते न मोजताच आकडा लिहिला गेला.

हे नाते मोजण्याची युक्ती मुळात मासेमारीतून आली आहे. डेन्मार्कच्या पीटरसन यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस माशांना खुणा करून पुन्हा पाण्यात सोडले आणि नंतरच्या पकडीत खुणेचे मासे किती परत येतात ते पाहिले. वाघाला खूण करावी लागत नाही, त्याच्या अंगावरचे पट्टे हीच खूण आहे. समजा, एका जंगलात पहिल्या फेरीत कॅमेऱ्यांनी ३० वेगवेगळे वाघ टिपले. दुसऱ्या फेरीत ३२ टिपले आणि त्यांतले २४ आधीचेच निघाले. म्हणजे दुसऱ्या फेरीतल्या दर चार वाघांपैकी तीन आधी दिसलेले होते, म्हणून पहिल्या फेरीने जंगलातले साधारण तीन-चतुर्थांश वाघ टिपले असावेत, आणि एकूण वाघ ४० च्या आसपास असावेत. हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. प्रत्यक्षातले गणित यापेक्षा पुष्कळ बारीक असते, पण गाभा हाच आहे. दिसलेल्यांवरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधायचा, आणि तो किती डळमळीत आहे तेही त्याच हिशेबातून काढायचे. २००६ च्या गणनेपासून देशाचा आकडा कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन कडांसह येऊ लागला: १,४११, पण १,१६५ ते १,६५७ यांच्या दरम्यान. २०१८ ला २,९६७, म्हणजे २,६०३ ते ३,३४६. त्या वर्षी २,४६१ वाघांची प्रत्यक्ष छायाचित्रे होती, बाकीचे अंदाजाने धरलेले होते. या पद्धतीवरही टीका झाली आहे. कॅमेरे नसलेल्या भागांत खुणांच्या आधारे आकडा ताणण्याला कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये गंभीर आक्षेप घेतला होता. पण वाद घालता येतो हेच या पद्धतीचे बळ आहे, कारण तिने आपली गृहीते उघडी मांडली आहेत. पाऊलखुणांच्या पद्धतीत बाहेरच्या माणसाला तपासता येईल असे हाती काही लागतच नव्हते.

मात्र पद्धत सुधारली तरी आकडा वाचण्याची आपली सवय सुधारली नाही. ९ एप्रिल २०२३ ला म्हैसूरमध्ये ३,१६७ हा आकडा जाहीर झाला. तो कमीत कमी आकडा होता. २९ जुलैला सविस्तर अहवाल आला, त्यात सरासरी ३,६८२ आणि वरची कड ३,९२५ होती. एप्रिलमध्ये लोकांनी ३,१६७ हाच वाघांचा आकडा म्हणून लक्षात ठेवला, जुलैमध्ये ३,६८२ हा. तीन महिन्यांत पाचशे वाघ वाढले नव्हते. एकाच मोजणीची एक कड आधी छापली गेली आणि मध्य नंतर. तशीच दुसरी चूक म्हणजे २००१-०२ चे ३,६४२ आणि २००६ चे १,४११ हे आकडे शेजारी ठेवून वाघ निम्म्याहून खाली आले असे म्हणणे. वाघ घटले होते हे खरे असू शकते, पण किती घटले ते या वजाबाकीतून कळत नाही. दोन वेगळ्या मापांनी घेतलेली वजने एकमेकांतून वजा केली, तर उरलेल्यात मापांचा फरकही मिसळलेला असतो.

आता दक्षिणेकडे जाऊ, कारण जिथे मोजणीनंतर पकड होणार असते तिथे हा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात क्रिल नावाचा, कोलंबीसारखा दिसणारा, बोटभर लांबीचा जीव प्रचंड थव्यांनी राहतो. बाजारात मिळणाऱ्या सुक्या जवळ्याशी त्याचे रूप जुळते, जात मात्र वेगळी. देवमासे, पेंग्विन, सील हे सगळे त्याच्यावर जगतात. माणूस त्यापासून मत्स्यशेतीचे खाद्य आणि तेलाच्या गोळ्या बनवतो. त्याची पकड किती करायची हे १९८२ पासून अस्तित्वात असलेला एक आंतरराष्ट्रीय आयोग ठरवतो आणि भारत त्याचा सदस्य आहे. क्रिलचे मचाण म्हणजे जहाज. जहाजाखालून आवाज सोडायचा आणि थव्यावरून परतणाऱ्या प्रतिध्वनीच्या जोरावरून क्रिलचे वजन काढायचे. २००० साली ब्रिटन, अमेरिका, जपान आणि रशिया यांच्या चार जहाजांनी अटलांटिकच्या दक्षिण टोकाचा समुद्र असा पिंजून काढला. उत्तर आले ४ कोटी ४३ लाख टन. काही वर्षांनी त्याच नोंदींवरून पुन्हा हिशेब केला, तेव्हा ते ३ कोटी ७३ लाख टन झाले. २०१० मध्ये आणखी सुधारणा झाली आणि उत्तर ६ कोटी ३ लाख टनांवर गेले. जहाजे पुन्हा गेली नव्हती, प्रतिध्वनी तेच होते. बदलले होते ते एकेका क्रिलकडून आवाज किती परततो याचे गणित. तो पाण्यात कोणत्या कोनात पोहतो, त्याच्या अंगाची घनता किती, या गृहीतांवर कोट्यवधी टनांचे उत्तर हलले. पसाऱ्यापेक्षा कल मोठा असतो तो असा. पहिल्या उत्तराबरोबर सुमारे ११ टक्क्यांची अनिश्चितता छापलेली होती, पण नंतरची दुरुस्ती तिच्यापलीकडे गेली, कारण छापलेली अनिश्चितता पसाऱ्याची होती.

आयोगाने या परिस्थितीत काय केले ते मला फार शिकण्यासारखे वाटते. एक, आकडा येण्याआधीच नियम ठरवला. पकडीच्या २० वर्षांत अंड्यावर येणाऱ्या क्रिलचा साठा मूळ पातळीच्या एक-पंचमांशाखाली जाण्याची शक्यता दहात एकापेक्षा जास्त नसावी, आणि शेवटी मूळ साठ्याचा पाऊण भाग शिल्लक राहावा असा अंदाज असावा. या नियमातून साठ्याच्या ९.३ टक्के, म्हणजे ५६ लाख टनांची मर्यादा निघते. दोन, त्या मर्यादेवरही आयोगाने विसंबून राहायचे नाकारले. पकड कुठे आणि कशी वाटायची हे ठरेपर्यंत ६ लाख २० हजार टनांच्या पुढे कोणी जायचे नाही, असा बांध घातला. तो बांध साठ्याच्या अंदाजावर उभा नव्हताच. पूर्वी प्रत्यक्ष झालेल्या सर्वांत मोठ्या पकडींच्या बेरजेवर तो ठरवला होता. म्हणून साठ्याचा अंदाज ४.४३ वरून ३.७३ आणि तिथून ६.०३ कोटींवर हलला तरी बांध हलला नाही. २०१९ च्या नव्या सर्वेक्षणात साठा ६ कोटी २६ लाख टन निघाला, तरीही तो तसाच राहिला. मासेमारी उद्योगाचा आक्षेप असा की ६ कोटींपैकी ६ लाख म्हणजे जेमतेम एक टक्का, इतकी सावधगिरी कशासाठी? आक्षेप वरवर बिनतोड आहे. पण तो एक टक्का ६ कोटींवर सारखा पसरलेला नसतो. जहाजे जिथे थवे दाट तिथेच, अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या किनाऱ्याजवळ जातात, आणि पिल्ले वाढवणारे पेंग्विनही तिथेच येतात. एकूण साठ्याचा आकडा बरोबर असला तरी त्या खाडीतल्या त्या महिन्यातल्या क्रिलबद्दल तो काही सांगत नाही. पकड प्रदेशवार वाटणारा नियम २०२४ च्या अखेरीस नूतनीकरणाविना संपला, आणि २०२५ मध्ये हंगाम संपण्याच्या कितीतरी आधी पूर्ण मर्यादा गाठली जाऊन मासेमारी बंद करावी लागली. तो बांध नसता तर थांबायचे कुठे, हे त्या दिवशी कोणाला सांगता आले नसते.

यातून मी जो निष्कर्ष काढतो तो वऱ्हाडातला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या आचरतो आहे. हवामान खाते मोसमी पावसाचा दीर्घकालीन अंदाज देते तेव्हा त्यासोबत उणे-अधिक ५ टक्क्यांची चूक छापते. तो अंदाज ऐकून कोरडवाहू शेतकरी खात्री होईपर्यंत थांबत नाही, कारण पेरणीची वेळ थांबत नाही. तो कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची ओळ टाकतो. पाऊस लवकर गेला तर नुकसान कोणते आणि उशिरापर्यंत रेंगाळला तर कोणते, हे त्याने आधीच धरलेले असते. अंदाज चुकला तरी घर उभे राहील अशी मांडणी तो करतो. रानातल्या आणि समुद्रातल्या साठ्यांचे व्यवस्थापन म्हणजे दुसरे काही नाही. संख्या अचूक कळल्यावर शहाणपण सुरू होते, ही समजूत सोडून द्यायला हवी. संख्या चुकली तर काय होईल याचा विचार नियमातच शिवलेला हवा. जिथे काढून घ्यायचे आहे तिथे हिशेब खालच्या कडेवरून करावा, आणि मोजमाप सुधारण्याचा भार काढून घेणाऱ्यावर असावा.

यावर पहिला आक्षेप प्रशासनातून येतो. अंदाजपत्रकाला, न्यायालयाला, विधिमंडळाला एकच आकडा लागतो, दोन कडा दिल्या तर प्रत्येक जण आपल्या सोयीची कड उचलेल. हे घडते, आणि ते घडू नये म्हणूनच कोणत्या निर्णयासाठी कोणती कड वापरायची हे मोजणीआधी ठरलेले असावे. आकडा आल्यानंतर नियम ठरवायला बसले की आकड्याचे वकील तयार होतात. दुसरा आक्षेप अधिक मनाला भिडणारा आहे: रानात जन्म काढलेल्या कोरकू माणसाला जनावर कुठे आहे हे ठाऊक असते, मग कॅमेरे आणि गणित कशाला? त्याचे ज्ञान खरे आहे, आणि कॅमेरा कोणत्या पायवाटेवर लावायचा हे त्याच्याशिवाय कळणार नाही. पण अमुक नाल्यात बिबट्या आहे हे ज्ञान आणि पूर्ण पट्ट्यात बिबटे किती हे ज्ञान यांची जात वेगळी आहे. दुसऱ्यासाठी, जिथे काही दिसणार नाही असे आपल्याला वाटते तिथेही पाहावे लागते, आणि अनुभवी माणूस तिथे सहसा जात नाही, कारण त्याच्या कामाचे तिथे काही नसते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तो अकोला, अकोट, तेल्हारा, दर्यापूरकडच्या शेतकऱ्यांचा आहे. तुम्ही मोजत बसा, तोवर रोही हरभरा खाऊन जातो आणि रानडुकरे मका आडवा करतात. वाघांच्या मोजणीवर इतका खर्च, आणि ज्याने रात्री जागून वावर राखायचे त्याने अनिश्चिततेवरचे व्याख्यान ऐकायचे? हा राग रास्त आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ नुसार उभ्या पिकाला धोका करणाऱ्या काही प्राण्यांना मारण्याची परवानगी देता येते आणि महाराष्ट्रात रोही आणि रानडुकरांसाठी तशी तरतूद आहे. बिहारात २०१६ मध्ये केंद्राच्या अधिसूचनेनंतर मोकामा भागात दोनशेहून अधिक रोही मारले गेले. आपल्याकडेही तसेच करावे, अशी मागणी अधूनमधून उठते. इथे क्रिलचाच प्रश्न आपल्या बांधावर येतो: किती काढले तर चालेल?

माझे म्हणणे असे की इथे दोन वेगळे निर्णय एकात मिसळले गेले आहेत. पहिला निर्णय भरपाईचा. त्यासाठी जिल्ह्यात रोही किती हे कळण्याची तिळभर गरज नाही, वावरात नुकसान किती झाले एवढेच कळावे लागते, आणि ते पाहणीने कळते. संख्येचा अंदाज नाही म्हणून भरपाई रखडत असेल तर ते अनिश्चिततेचे कारण नव्हे, सबब आहे. दुसरा निर्णय जनावर कमी करण्याचा. त्याला संख्या लागते, पण मुख्यतः पूर्ण जिल्ह्याची नाही. नुकसान कळपांच्या एकूण संख्येच्या प्रमाणात सारखे वाटले जात नाही. काही नाले, काही पडीक पट्टे, काही काटेरी झुडपांची बने यांच्या आसपास ते साचते. पेंग्विनांच्या खाडीसारखेच हे आहे. जिल्ह्याच्या आकड्यावरून परवाने वाटले तर जिथे जनावर सहज दिसते तिथे ते मारले जाईल, जिथे त्रास होतो तिथे तसेच राहील, आणि दोन वर्षांनी शेतकरी म्हणेल की काही फरक पडला नाही. ते खरेही असेल. म्हणून त्रासाच्या पट्ट्यांत ठरलेल्या वाटांवरून, ठरलेल्या महिन्यांत, वाटेपासून जनावर किती अंतरावर दिसले याची नोंद ठेवत मोजणी करायला हवी, कारण त्या अंतरांवरूनच न दिसलेल्यांचा हिशेब निघतो. तूर उंच वाढलेली असताना घेतलेली मोजणी आणि रान मोकळे झाल्यावर घेतलेली मोजणी यांची तुलना करता येणार नाही. तुरीत उभा रोही दिसत नाही, हे इथे कोणाला सांगायला नको. परवाने दिलेच तर किती दिले, कोणत्या शिवारात, किती जनावरे प्रत्यक्ष मारली, आणि त्या शिवारातले नुकसान पुढच्या हंगामात घटले का, ही चारही उत्तरे एकत्र छापली जावीत. पहिली मर्यादा लहान ठेवून, परिणाम पाहून ती बदलता येते. एकदा निघून गेलेला कळप परत आणता येत नाही, आणि रोही संपलेल्या पट्ट्यात बिबट्या कशावर जगेल हा प्रश्न गावाच्याच वेशीवर येऊन उभा राहतो.

असेच भान पाणवठ्यावरच्या रात्रीबद्दलही हवे. ती बंद करावी असे मी म्हणत नाही. शेकडो तरुण एका रात्रीपुरते तरी रान ऐकतात, याचे मोल आहे. पण तिच्यातून निघणाऱ्या तक्त्याला थोडे रकाने जोडणे फार अवघड नाही. मे महिन्यात किती मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री एकूण पाणवठ्यांपैकी किती भरलेले होते आणि त्यांतल्या किती ठिकाणी माणूस बसला होता, ढगांमुळे किती तास उजेड नव्हता, एकाच वर्णनाचे जनावर लागोपाठच्या दोन पाणवठ्यांवर किती वेळा नोंदले गेले. हे सगळे मचाणावरच्या माणसाला आणि वनरक्षकाला ठाऊकच असते, फक्त ते लिहायला कागदावर जागा नसते. पुढच्या वैशाखी पौर्णिमेला हे रकाने भरले गेले, तर दुसऱ्या दिवशी अस्वलांच्या आकड्याशेजारी भरलेल्या पाणवठ्यांचा आकडाही छापता येईल.